रील धावली, टॉवेल जागेवरच: सोलापुरातून ऑनलाइन माल विकणारे नेमकं काय करतात?

मागावरची | शुक्रवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमचं पूर्व भागात छोटं युनिट आहे. चार माग, दोन चादरीचे आणि दोन टेरी टॉवेलचे. सासऱ्यांच्या काळात माल चाटी गल्लीत टाकायचा आणि पैशाची वाट बघत बसायचं, एवढंच मार्केटिंग. मी आल्यावर इन्स्टाग्राम उघडलं. दिवाळीच्या आधी मागाची एक रील टाकली: धोटा नाचतोय, खडखडाट आणि खालून चादरीवरचा मोर हळूहळू वर येतोय. १,८०,००० लोकांनी बघितली. बदामांचा पाऊस. घरात पेढे.

ऑर्डरी आल्या ७. त्यातल्या २ माझ्या मावसबहिणीच्या.

आणि इकडे सासूबाई रोज सकाळी व्हॉट्सॲप स्टेटसला टॉवेलचा एक वाकडातिकडा फोटो टाकतात, निम्म्या फोटोत त्यांचा अंगठा. त्यावर आठवड्याला दोनतीन तरी आहेराच्या टॉवेल-टोपीच्या ऑर्डरी येतात. मला राग येऊ नये तर काय व्हावं?

प्रश्न असा की तुम्ही लोक काय वापरता, रोज काय करता आणि कशात वेळ फुकट गेला? "कंटेंट इज किंग" वगैरे नको प्लीज. ते ऐकून झालंय, फी भरून.

---

गड्डा | रात्री ११:०५

सासूबाईंचा अंगठा हाच तुमचा ब्रँड आहे बे. त्याचं ट्रेडमार्क करा आधी.

---

बूस्टबटण | रात्री ११:३१

मी याच धंद्यात आहे, सात रस्त्याजवळ बसतो, दुसऱ्यांच्या जाहिराती चालवतो. त्यामुळे थोडं हातचं राखून वाचा.

ताई, तुमची रील पडली नाही. रील बघणारा आणि टॉवेल घेणारा ही दोन वेगळी माणसं आहेत, एवढंच. मागाचा आवाज ऐकून मंगळुरूचा पोरगाही खूश होतो, पण त्याला टॉवेल नको असतो. तुम्ही ती रील "बूस्ट" केली होती का, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवली होती का? केली असेल तर बहुतेक इन्स्टाने जास्त बघणारी, जास्त बदाम टाकणारी माणसं शोधली. तुम्ही जे मागितलं तेच तो देतो. मेटाच्या (इन्स्टा-फेसबुकची कंपनी) ॲड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे जाहिराती लावायच्या पानावर, जाऊन उद्दिष्ट निवडताना "मेसेज यावेत" असं निवडलं आणि बटण थेट व्हॉट्सॲपवर नेलं, तर बघे कमी येतात, पण "केवढ्याला?" विचारणारे येतात.

आणि ते १,८०,००० वाया गेलेले नाहीत. ज्यांनी व्हिडिओ बराचसा बघितला त्यांची यादी ॲड्स मॅनेजर बनवून देतो, ३६५ दिवस मागे जाता येतं. त्यांनाच आता भावासकट, साइजसकट साधी जाहिरात दाखवा. अनोळखी माणसाला चादर विकण्यापेक्षा ज्याने माग एकदा बघितलाय त्याला विकणं सोपं. रोजचं बजेट छोटं ठेवा, चारपाच दिवस हात लावू नका. लोक दर दोन तासांनी जाहिरात उपसून बघतात, रोप उपटून मुळं बघावीत तसं. आणि जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरून हिशेब करा.

---

कडकभाकरी | शनिवार, सकाळी ७:१४

मागावरची, तुझं दुःख माझ्याइतकं कोणाला कळणार! मी जुळे सोलापुरात घरून शेंगाचटणी, कडक भाकरी आणि हंगामात हुरड्याची चटणी करते. माझी उखळात चटणी कुटायची रील अशीच पळाली होती. खाली कॉमेंट काय? "तोंडाला पाणी सुटलं." सुटलं तर ऑर्डर कर ना बाई!

मग एक दिवस वही घेतली. साधी चौकटीची. जो फोन करेल, मेसेज करेल त्याला पहिला प्रश्न, "आमचं नाव कुठं कळलं?" आणि वहीत रेघ. एक महिन्याने बघितलं तर माझ्या ४१ ऑर्डरींपैकी २३ जुन्या गिऱ्हाइकांनी सांगितलेल्या, ९ गुगल मॅपवरून, ६ स्टेटस बघून, ३ इन्स्टावरून. मी रोज तीन तास इन्स्टाला देत होते. तीन ऑर्डरींसाठी!

त्या दिवसापासून इन्स्टा आठवड्यातून दोनदा. रविवारी दुपारी दोन्ही पोस्टी मेटा बिझनेस सूटमध्ये वेळ लावून ठेवते. फुकट आहे, फोनवरच होतं. उरलेला वेळ जुन्या गिऱ्हाइकांना.

---

मागावरची | सकाळी ७:४०

वही! मी तीन ॲप घेतली होती हे मोजायला. वही सुचली नाही.

---

पेठेतला_म्हातारा | सकाळी ९:२२

आमच्या गादीवर ही वही १९७४ पासून आहे. "कोणाकडून आलात?" हा प्रश्न विचारल्याशिवाय वडील गिऱ्हाइकाला पाणी देत नसत. ज्याचं नाव आलं त्याला दिवाळीला एक टॉवेल जादा. तुम्ही लोक आता त्याला काहीतरी इंग्रजी नाव दिलंय म्हणे.

---

बूस्टबटण | सकाळी ९:३०

अहो काका, त्याच नावाचे आम्ही पैसे घेतो. बोलू नका.

---

हुतात्मा_पॅसेंजर | सकाळी ११:०८

मी विकत नाही, घेतो. मूळ सोलापूरचा, पुण्यात १६ वर्षं. गिऱ्हाइकाच्या बाजूने दोन शब्द लिहितो, विकणाऱ्यांना राग आला तरी चालेल.

मागच्या थंडीत मला चार चादरी हव्या होत्या. इन्स्टावर सोलापूरची सहा पानं उघडली. चार पानांवर भाव नाही. "प्राइस इन डीएम," म्हणजे भाव खासगी मेसेजमध्ये विचारा. विचारलं तर दोघांचं उत्तर दुसऱ्या दिवशी, एकाचं आलंच नाही, चौथ्याने उलट विचारलं, "किती घेणार?" अरे, भाजीवालीसुद्धा पाटी लावते! उरलेल्या दोघांनी भाव लिहिला होता, पण त्यातल्या एकाचं साइज नाही, वजन नाही. चादर म्हणजे वजन. हाताला लागत नाही तर निदान ग्रॅम तरी सांगा. शेवटी ज्याने ६० बाय ९० इंच, वजन, किती धुण्यांनंतर मऊ होते आणि पुण्यापर्यंत पोचवण्याचा खर्च असं सगळं चार ओळींत लिहिलं होतं, त्याच्याकडून घेतल्या. सगळ्यात स्वस्त तो नव्हता.

अजून एक. सकाळी सात वाजता उगवत्या सूर्यावर "शुभ सकाळ" आणि खाली तुमच्या दुकानाचा लोगो, असं पाठवणाऱ्याला मी म्यूट करतो. मग त्याचा सेल लागला तरी मला कळत नाही. नुकसान त्याचं.

---

मागावरची | दुपारी १:१५

हुतात्मा, ते "प्राइस इन डीएम" वालं एक पान आमचं असण्याची शक्यता आहे. 🙈 शेजारच्याला भाव कळू नये म्हणून लिहायचे नाही मी. शेजारच्याला तर भाव सूत आणतानाच माहीत असतो, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

फोटोवरून आठवलं, माझी एक चूक सांगते, कुणाला उपयोग होईल. आमच्या चादरीला दोन्ही बाजूंनी नक्षी दिसते, पण रंग उलटे: इकडे लाल जमिनीवर पांढरा मोर, तर पलटली की पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. मी कायम लाल बाजूचा फोटो टाकायचे, तीच उठून दिसते. नाशिकच्या एका बाईंनी मागवली. पार्सल उघडलं तेव्हा घडीची पांढरी बाजू वर. "मी लाल मागवली होती, तुम्ही पांढरी पाठवली." मी म्हटलं, ताई, पलटून बघा. त्यांनी पलटली नाही, परतच पाठवली. जायचा-यायचा खर्च माझा, शिवाय खाली एक जळजळीत कॉमेंट. तेव्हापासून प्रत्येक फोटोत एक कोपरा दुमडून ठेवते, म्हणजे दोन्ही बाजू एकाच फोटोत. फोटो सकाळी गच्चीवर, सावलीच्या बाजूला. ट्यूबलाइटखाली आमचा जांभळा निळा दिसतो. फिल्टर बंद. हे कोणत्याही कोर्समध्ये शिकवलं नाही.

---

बूस्टबटण | दुपारी २:०३

तो दुमडलेला कोपरा म्हणजे तुमची पुढची रील. खरंच. "चादर पलटली की काय होतं बघा." पहिल्या दोनतीन सेकंदांत चादर पलटायची, नाव-गाव नंतर. आवाज बंद ठेवून बघणारे खूप असतात, म्हणून पडद्यावर मराठीत दोन शब्द लिहा. आणि गाणं लावताना सांभाळा. बिझनेस अकाउंटला धंद्यासाठी वापरायची गाणी मर्यादित मिळतात. सिनेमातलं गाणं बाहेरून चिकटवलं तर रीलचा आवाजच काढून टाकतात. तुमच्याकडे मागाचा खडखडाट आहे, अजून काय पाहिजे?

---

गड्डा | दुपारी २:१०

रिव्ह्यू वाढवायची आयडिया देतो. काउंटरवर बोर्ड लावा: "गुगलवर पाच स्टार द्या, १० टक्के सूट घ्या." आमच्या मित्राने नवी पेठेत लावलाय. लय चालतंय.

---

कडकभाकरी | दुपारी २:४४

गड्डा, मित्राला बोर्ड काढायला सांगा. सवलत देऊन रिव्ह्यू घ्यायला गुगलची मनाई आहे, कुणी तक्रार केली तर सगळे रिव्ह्यू उडू शकतात. मी पार्सलमध्ये फक्त चिठ्ठी टाकते: "चटणी कशी लागली ते गुगलवर लिहा, तिखट झाली असेल तर तेही लिहा." एकाने खरंच लिहिलं, "फार तिखट." खाली मी उत्तर दिलं की पुढच्या वेळी कमी तिखटाची वेगळी बरणी सांगा. त्या एका रिव्ह्यूवरून मला कमी तिखटाच्या ऑर्डरी सुरू झाल्या. लोक पाच स्टार वाचत नाहीत, एक स्टार वाचतात आणि त्याखाली तुम्ही काय बोललात ते वाचतात.

आणि मागावरची, गुगल बिझनेस प्रोफाइल काढलं नसेल तर आजच काढ. पैसे लागत नाहीत. पडताळणीला व्हिडिओ मागतात: बाहेरचा रस्ता, पाटी, आतलं काम, असं एका दमात दाखवायचं. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करून जाणारी माणसं गाडीत बसूनच "सोलापुरी चादर जवळपास" असं शोधतात. त्यांना रील नको, रस्ता हवा असतो. वेळा बरोबर टाक. सोमवारी बंद असशील तर तसं लिही. बंद दारापुढे उभं राहिलेलं गिऱ्हाईक थेट एक स्टार देतं.

---

पेठेतला_म्हातारा | सायं. ५:५०

एक शंका. नातवाने व्हॉट्सॲप बिझनेस करून दिलंय. ब्रॉडकास्टमध्ये २०० नावं घातली, निरोप धाडला, उत्तर आलं ११ जणांचं. बाकीचे रागावलेत की काय?

---

कडकभाकरी | सायं. ६:०५

नाही काका, त्यांना निरोप पोचलाच नसेल. ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. एका यादीत जास्तीत जास्त २५६ नावं बसतात, पण सेव्ह नसेल तर शून्य. म्हणून मी पहिल्या ऑर्डरीलाच सांगते, "नंबर सेव्ह करा, चटणी ताजी कुटली की कळवते." आणि ज्यांनी हो म्हटलं त्यांनाच यादीत घ्यायचं. लग्नपत्रिकेवरचे, सोसायटीच्या ग्रुपमधले नंबर उचलून घातले की लोक ब्लॉक करतात, तक्रार करतात आणि नंबरच बंद पडतो. धंद्याचा नंबर बंद म्हणजे दुकानाला टाळं.

लेबलं वापरा काका. "पैसे बाकी", "पार्सल गेलं", "लग्नाची ऑर्डर" असे रंग लावता येतात. कॅटलॉगमध्ये मालाचे फोटो-भाव एकदा भरले की रोज तोच फोटो पाठवत बसावं लागत नाही. आणि क्विक रिप्लाय: मी "/पत्ता" असं टाइप केलं की पूर्ण पत्ता आणि मॅपची लिंक जाते.

---

पेठेतला_म्हातारा | सायं. ६:२०

लेबलं म्हणजे आमच्या खतावणीच्या रंगीत चिठ्ठ्या. कळलं. नातवाला सांगितलं, तो म्हणतो आजोबा मला माहीत होतं. मग सांगितलं का नाही?

---

सुताचा_गुंता | रविवार, सकाळी १०:१७

उशिरा आलो, पण दोन धोक्याच्या पाट्या लावून जातो. दोन्ही ठेचा मी स्वतः खाल्ल्यात.

पहिली. फेसबुक पेज आणि जाहिरातीचं खातं मी एका एजन्सीला काढायला लावलं. त्यांनी ते त्यांच्याच लॉगिनवर काढलं. दीड वर्षाने पैशांवरून बिनसलं आणि पेज, फॉलोअर, जुने मेसेज सगळं त्यांच्याकडे राहिलं. आम्ही शून्यावर. पेज नेहमी स्वतःच्या नावावर काढायचं आणि काम करणाऱ्याला तेवढ्यापुरता ॲक्सेस द्यायचा, पासवर्ड नाही. काम संपलं की ॲक्सेस काढायचा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, व्हॉट्सॲपलासुद्धा. "तुमच्या पेजने कॉपीराइटचा भंग केला, २४ तासांत बंद होईल, इथे क्लिक करा" असा मेसेज आला तर क्लिक नाही करायचं, चहा प्यायचा.

दुसरी टॉवेलवाल्यांसाठी खास. फोन येतो, "मी आर्मीतून बोलतोय, युनिटला २०० टॉवेल पाहिजेत." भाव करत नाही, इथेच संशय यायला हवा होता. पाठोपाठ ओळखपत्राचा फोटो. मग म्हणतो, "आमची पेमेंटची पद्धत वेगळी आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. हे मला माहीत होतं, तरी २०० टॉवेलच्या आनंदात विसरलो. गेले. लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन लावला म्हणून थोडी रक्कम पुढे जायच्या आत अडकली. दुसऱ्या दिवशी लावला असता तर तीही गेली असती.

---

संपादक | सकाळी १०:४०

कृपया धाग्यावर मोबाइल नंबर आणि दुकानाच्या लिंका देऊ नयेत. तीन प्रतिसाद उडवले आहेत. आर्मीवाल्या फसवणुकीचा अनुभव वेगळ्या धाग्यावरही टाकावा ही विनंती.

---

मागावरची | रविवार, रात्री ९:३०

गुंता, त्या साहेबांचा फोन आम्हालाही आला होता! सासूबाईंनी उचलला. तेलुगूत बोलायला लागल्या, त्याने कंटाळून ठेवला.

त्यावरून एक प्रश्न. मी सगळं मराठीत लिहिते. घरात तेलुगू, दारात कन्नड, बाजारात हिंदी. पोस्ट कोणत्या भाषेत टाकायची?

---

बूस्टबटण | रात्री १०:१२

ज्या गावाला माल जातो त्या गावच्या भाषेत. एकाच पोस्टमध्ये तीन भाषांची खिचडी नको, कोणीच शेवटपर्यंत वाचत नाही. व्हिडिओ तोच ठेवा, आवाज बदला. सासूबाईंचा तेलुगू आवाज लावून जाहिरात फक्त हैदराबादला दाखवा, गाव निवडता येतं. कलबुर्गी, विजयपूरला कन्नड. सोलापूरचं हे भांडवल पुण्या-मुंबईच्या एजन्सीकडे नाही.

अजून एक, हंगाम लिहून भिंतीला लावा. चादर थंडीत, हे सगळ्यांना कळतं, पण जाहिरात दसऱ्याच्या आधी सुरू करायची. लग्नसराईचा टॉवेल-टोपी मुहूर्ताच्या महिनाभर आधी. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, तेव्हा बाहेरगावचे सोलापूरकर घरी असतात आणि परत जाताना काहीतरी नेतात. तेव्हा स्टेटस रोज. मे महिन्यात चादरीवर पैसे जाळू नका.

---

हुतात्मा_पॅसेंजर | रात्री १०:३०

"भौगोलिक मानांकन मिळालेली अस्सल सोलापुरी" असं सगळेच लिहितात. ओळखायचं कसं?

---

सुताचा_गुंता | रात्री १०:४८

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना मानांकन (जीआय, म्हणजे माल त्या गावचाच असल्याची सरकारी नोंद) आहे, बरोबर. पण नुसतं सोलापुरात विणलं म्हणून त्याचं चिन्ह छापता येत नाही. उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. गिऱ्हाइकाने नोंदणीचा कागद मागावा, खरा माणूस लगेच फोटो पाठवतो. मागावरची, तुमची नोंदणी असेल तर तो कागद पानावर वर पिन करून ठेवा. नसेल तर चिन्ह वापरू नका, नोंदणीला लागा.

---

कडकभाकरी | रात्री ११:०२

खाण्याच्या वस्तूंचंही तेच. बरणीवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचं सरकारी खातं) १४ आकडी क्रमांक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख हवीच. मी क्रमांक कॅटलॉगमध्येही टाकलाय. मुंबईच्या बायका आधी तोच बघतात.

---

मागावरची | सात आठवड्यांनंतर, मंगळवार, रात्री १०:२०

धागा वर आणतेय, हिशेब द्यायचाय.

काय केलं: भाव, साइज, वजन सगळ्या पोस्टींवर लिहिलं. गुगलवर प्रोफाइल काढलं (पहिला व्हिडिओ नाकारला, पाटी दिसत नव्हती, पाटीच नव्हती, रंगवून घेतली). इन्स्टा आठवड्यातून दोनदा. मेसेजची उत्तरं दिवसातून तीन ठरलेल्या वेळी: सकाळी माग सुरू व्हायच्या आधी, दुपारी जेवण झाल्यावर, रात्री नऊला. मधल्या वेळेत आपोआप जाणारा निरोप आहे की "माग चालू आहे, नऊपर्यंत उत्तर देते." हा निरोप लोकांना फार आवडतो, का कोण जाणे.

चादर पलटायची रील फक्त ६,४०० जणांनी बघितली. पण ती पुढे पाठवणारे जास्त निघाले आणि त्यातून १२ ऑर्डरी आल्या. बूस्टबटणच्या सांगण्यावरून जुन्या रीलच्या प्रेक्षकांना जाहिरात दाखवली: आठ दिवस, ९ ऑर्डरी. जाहिरातीचा आणि पाठवणीचा खर्च वजा जाता फायदा थोडाच, पण त्यातल्या दोघांनी परत मागवलं. तेलुगू आवाजाचा प्रयोग अजून अर्धाच झालाय. सासूबाई म्हणतात साडी बदलल्याशिवाय बोलणार नाही. आवाजच फक्त लागणार आहे हे त्यांना पटत नाहीये.

वही सांगते: एकूण ६३. ओळखीतून २६, गुगल ११, इन्स्टा १२, जाहिरात ९ आणि सासूबाईंचं स्टेटस ५. लग्नं कमी होती म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

---

गड्डा | रात्री १०:२५

पाचच? अंगठा काढला का फोटोतून?

---

मागावरची | रात्री १०:२७

हो, मीच काढायला लावला.

---

गड्डा | रात्री १०:२८

परत घाला बे.

---

हुतात्मा_पॅसेंजर | रात्री १०:४१

मला त्या मोराच्या चादरीत जांभळी हवी आहे. दोन. साइज-वजन विचारत नाही, या वेळी लिहिलेलं दिसतंय.

---

मागावरची | रात्री १०:४४

आहे. इथे नको, संपादक उडवतील, व्यक्तिगत निरोप करा. वहीत "धागा" म्हणून नवा रकाना पाडतेय.